नैरोबीत संध्याकाळी एक वाजता

मनगटावरचं घड्याळ काढून ठेवा. मोबाइलही नको, 1965 सालच्या नैरोबीत त्याचा उपयोग आरशापुरताच, आणि आरसे तिथे दुकानात मिळतात. स्वेटर मात्र विसरू नका. आफ्रिका म्हणजे घाम असं धरून मलमलीच्या सदऱ्यात निघालात, तर जुलैच्या संध्याकाळी दात वाजतील. विषुववृत्त जवळ असलं तरी हे शहर महाबळेश्वराच्याही वर, 1700 मीटरच्या आसपास वसलंय, आणि जुलैत इथलं आभाळ दिवसभर करडं असतं. खिशात दहा सेंटची नाणी असू द्या, सुतळीत ओवलेली. ओवता येतात, कारण त्यांना मधोमध भोक आहे. पुढच्या वर्षी बिनभोकाची नवी नाणी निघतील. म्हणून तर मुद्दाम हे साल निवडलंय.

स्टेशनाबाहेर पाऊल टाकलंत की पहिला मारा नाकावर होतो. मालगाडीचं अवाढव्य गॅरेट इंजिन अजून सुस्कारे टाकतंय आणि त्याच्या धुराला दगडी कोळशाचा नव्हे, तेलाचा वास आहे. त्या वासातून वाट काढत दुसरा येतो, भाजक्या कणसांचा. फुटपाथच्या कडेला निखाऱ्यांवर कणसं फिरवत बसलेल्या बायका. कामावरून सुटलेली माणसं लोंढ्याने पूर्वेकडे चाललीत, कारण कष्टकऱ्यांच्या वस्त्या सगळ्या तिकडेच आहेत. तुम्हीही त्यांच्यात मिसळा. धक्के बसतील, पण कुणी थांबून माफी मागणार नाही आणि तुम्हीही मागू नका.

रिव्हर रोडवर तुमचे पाय घोटाळणार, हे मला माहीत आहे. दुकानांवर गुजराती पाट्या, दारात उदबत्ती, कुठूनतरी तळणाचा खमंग वास. रेल्वेचे रूळ पडले त्या काळापासून हिंदी माणूस या शहरात दुकान मांडून बसलाय. तिथे थांबू नका. भजी घराजवळही मिळतात. त्यासाठी एवढी वर्षं मागे येण्याची गरज नव्हती. फारच थकला असाल तर रस्त्याकडेला एक खिळखिळी गाडी उभी असेल, आत फळ्या टाकलेल्या आणि माणसं कोंबलेली. सुतळीतून तीन नाणी काढून द्या, पूर्वेकडे नेऊन सोडेल. परवान्याची चौकशी करू नका. त्याला नाहीच आहे.

नदी ओलांडली की गिकोंबा. नाकानंतर आता कानांची पाळी. शंभर हातोडे एकाच वेळी पत्र्यावर पडताहेत, ठण ठण ठण, आणि त्यांचा ताल एकमेकांशी जुळत नाही. तेलाची रिकामी पिंपं कापून, ठोकून सपाट करून त्यांच्या कोळशाच्या शेगड्या बनताहेत. शेगडीला इथे जिको म्हणतात. या पत्र्याच्या शेगडीची चाल रेल्वे बांधायला आलेल्या हिंदी मजुरांनी आणली असं सांगतात, आणि ती बघितल्यावर तुम्हालाही खरं वाटेल: वर खोलगट तोंड, मध्ये जाळी, खाली राख काढायला दार. आजीच्या माजघरातून थेट इथे आणून ठेवावी, तशी.

इथेच तुम्हाला तुमच्या यजमानीण बाई भेटतात. चार मुलांची आई, गाव पश्चिमेकडे काकामेगाच्या बाजूला, नवरा रेल्वेच्या वर्कशॉपात. त्यांना मामा म्हणायचं. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. पहिले दोनदा हसू येईल, मग सवय होते. डोक्याला रंगीत फडकं, कमरेला कांगा नावाचं कापड गुंडाळलेलं, काखेत वेताची टोपली. त्यांनी निरोप दिला होता की जेवण एक वाजता. तुम्ही दुपारचं समजून धास्तावला होतात. घाबरू नका. इथलं घड्याळ सूर्य उगवला की सुरू होतं. सकाळी सात म्हणजे एक, आणि संध्याकाळी सात म्हणजे पुन्हा एक. विषुववृत्ताजवळ सूर्य बाराही महिने जवळपास त्याच वेळी उगवतो आणि मावळतो, त्यामुळे हा हिशेब कधी चुकत नाही. सूर्य मावळायला थोडाच अवकाश आहे, तेवढ्यात बाजार उरकायचा.

मामांचा पहिला प्रश्न मटणाचा. “न्यामा?”

तुम्ही मान हलवता. मटण नको, मासे नकोत, रस्साही नको. पोटात गोळा आलेला असतो, कारण परदेशात शाकाहारी माणसाची काय गत होते याच्या कथा लहानपणापासून ऐकल्यात. मामा मात्र मोठ्याने हसतात. आज 28 तारीख आहे. पगार महिना संपल्यावर. आज अख्ख्या माजेंगो वस्तीत तुमच्यासारखेच लोक आहेत, फक्त ते स्वतःला शाकाहारी म्हणवत नाहीत. एका माणसाची त्यात आणखी भर, एवढंच.

भाजीवाल्या बायका गोणपाटावर पाल्याचे ढीग मांडून बसल्यात. वाकून नीट बघा, कारण यातले निम्मे पाले तुम्ही ओळखता. हा माठ. ही चवळीची पानं. ही भोपळ्याची, देठांचे दोर न काढलेली. ही बारीक पांढऱ्या फुलांची कामोणी, जिला आपल्याकडे बांधावर कोणी विचारत नाही. इथे तिची जुडी पैसे मोजून घेतात, आणि तिचा कडूपणा काढण्यासाठी गावाकडे ती दुधात मुरवतात. आणि हा गडद हिरवा, रुंद, जाड पानांचा ढीग म्हणजे सुकुमा विकी. जात कोबीची, पण गड्डा न धरणारी. खालची पानं खुडत जायचं, वरून नवी येत राहतात. परसात चार रोपं असली की घर चालतं, आणि पानं घेऊन विकणारीचंही. मामा एक पान मधोमध मोडतात. कट्‌ असा आवाज आला तरच घ्यायचं. पहिल्या दोन ढिगांत तो येत नाही. तिसऱ्यात येतो.

दोन टोमॅटो, एक कांदा, कागदाच्या पुडीत मीठ. कोळसा डब्याच्या मापाने मिळतो. तोच आपला रॉकेलचा चौकोनी डबा, इथे त्याला ‘देबे’ म्हणतात, आणि पाणी, धान्य, कोळसा सगळं त्यानेच मोजतात. पीठ पांढऱ्या मक्याचं, गिरणीतून आजच दळून आणलेलं. पिशवीत हात घाला. अजून ऊब आहे.

एक गोष्ट चालता चालता सांगून टाकतो, कारण पुढे हात रिकामे नसतील. मका इथला नव्हे. तो अमेरिकेचा, पोर्तुगीज गलबतांतून किनाऱ्याला लागलेला, आणि आतल्या मुलखात त्याचं राज्य सुरू होऊन फार तर दोन पिढ्या झाल्यात. शेतमळ्यांवर आणि रेल्वेत मजुराला शिधा म्हणून मक्याचं पीठ मिळायचं, रोजचं 2 पौंड, आणि हळूहळू जिभेला तेच अन्न वाटू लागलं. त्याआधी इथलं पीठ नाचणीचं आणि ज्वारीचं होतं. हो, आपलीच नाचणी आणि आपलीच ज्वारी. ‘आपली’ म्हणायचं ते जपूनच, कारण दोन्ही मूळच्या आफ्रिकेतल्या, काही हजार वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आपल्याकडे आलेल्या.

आता घर. मातीच्या भिंती, वर डबे कापून ठोकलेल्या पत्र्यांचं छप्पर. मधोमध लांब अरुंद बोळ, त्याच्या दोन्ही बाजूंना खोल्या, दर खोलीत एक कुटुंब किंवा गाव सोडून आलेले तीन-चार पुरुष. बोळातून चालताना दोन्ही खांदे भिंतींना घासतात. अंधार आहे. एका दारातून रेडिओवर फाधिली विल्यमचं ‘मलाइका’ चालू आहे, दुसऱ्यातून खोकला, तिसऱ्यातून पाढे म्हणणारं पोर. बोळ संपला की एकदम मागचं अंगण उघडतं, आणि धुराचा लोट तोंडावर येतो.

अंगणात सहा शेगड्या एका ओळीत पेटल्यात. सहा घरांचा स्वयंपाक एकाच आभाळाखाली, त्यामुळे कुणाकडे काय शिजतंय हे लपत नाही. कोपऱ्यातल्या शेगडीवर कुणीतरी मूठभर सुकी मासळी टाकलीय. कोकणातल्या वाचकांना घरची आठवण येईल; बाकीच्यांनी वाऱ्याची दिशा बघून बसावं. मशिदीतून मगरिबची अजान येते, आणि तेवढ्यापुरत्या गप्पा हलक्या होतात. पोरं चिखलातून चिंध्यांचा चेंडू लाथाडत थेट शेगड्यांच्या मधून पळतात. प्रत्येक बाई त्यांच्यावर ओरडते, आपलं कोण आणि दुसरीचं कोण हे न बघता.

तुम्हाला पाट मिळेल, तीन पायांचं छोटं स्टूल. तुम्ही पाहुणे म्हणून टेकणार, तोच मामा एक पुठ्ठा हातात देतात. वारा घाला. स्वाहिलीत एक म्हण आहे: पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. मामांनी तिसऱ्या दिवसाची वाट पाहिलेली नाही. घाला वारा. आधी नुसता धूर, डोळ्यांतून पाणी, मग चट्‌चट्‌ ठिणग्या, मग निखारा लाल होतो आणि गुडघे भाजू लागतात. पाठीला थंडी तशीच. नैरोबीची जुलैतली संध्याकाळ म्हणजे हे: पुढून भाजणं आणि मागून कुडकुडणं.

भाजी चिरायला तुम्ही विळी शोधाल. नाही. फळीही नाही. मामा आठ-दहा पानं एकावर एक रचतात, घट्ट गुंडाळी करतात, डाव्या मुठीत धरतात आणि उजव्या हातातली सुरी अंगठ्याच्या दिशेने सरकवू लागतात. सर्र, सर्र, सर्र. मुठीतून हिरवे दोरे पडतात, शेवयांइतके बारीक. बोलणं चालूच, नजर चेंडूमागे धावणाऱ्या धाकट्यावर. अंगठा कापत कसा नाही हे बघायला तुम्ही जवळ वाकता. अंगठ्याच्या पोटाला वर्षांचा घट्टा आहे. तुमच्या अंगठ्याला नाही, तेव्हा सुरी मागू नका.

कांदा तेलात पडतो. तुमचा हात नकळत मोहरीच्या डब्याकडे जातो, आणि डबा नाही. जिरं नाही, हळद नाही, हिंग नाही, लसूणही आज नाही. कांदा, मग टोमॅटो गळेपर्यंत, मग तो हिरवा ढीग, वर मीठ. ढीग पातेल्याबाहेर सांडतो की काय असं वाटतं आणि दोन मिनिटांत बसतो. झाकण ठेवायचं नाही, पाणी घालायचं नाही, रंग काळवंडू द्यायचा नाही. चार-पाच मिनिटांत उतरवली. मसाल्याशिवाय भाजीला चव कशी येणार, ही तुमची शंका तोंडावर दिसत असेल. तशीच राहू द्या, थोड्या वेळाने बघू.

आता खरं काम. सुफुरियात पाणी चढवा. सुफुरिया म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, कान नाहीत, मूठ नाही. पाणी लवकर उकळल्यासारखं दिसेल, पण फसू नका; या उंचीवर ते 94–95 अंशांनाच खळखळू लागतं, त्यामुळे पीठ शिजायला वेळ द्यावा लागतो. चार भांडी पाण्याला अडीच-तीन भांडी पीठ, असं मी तुमच्यासाठी लिहितोय. मामा मोजत नाहीत. आधी चिमूटभर पीठ पाण्यावर भुरभुरवतात. ते फेसाळून वर आलं की पाणी तयार. मग ओंजळ, ढवळणं, ओंजळ, ढवळणं.

ढवळायचं ते म्विकोने. लाकडाचा लांब, चपटा डाव, कडा वर्षानुवर्षं घासून गोल झालेल्या. मामा तो तुमच्या हातात देतात आणि दोन पुठ्ठ्यांनी पातेलं धरून ठेवतात. पहिलं मिनिट मजेत जातं. पातळ आहे, बुडबुडे फुटताहेत, गरम थेंब मनगटावर उडतो, तुम्ही हसता. दुसऱ्या ओंजळीनंतर हसू थांबतं. तिसरीनंतर म्विको जागचा हलत नाही; चिखलात रुतलेलं गाडीचं चाक बाहेर काढावं, तसा तो ओढावा लागतो. उकड काढायच्या सरावाचा इथे उपयोग नाही. उकड दोन हाटे मारले की ऐकते. ही ऐकत नाही. गोळा पातेल्याच्या भिंतीवर दाबायचा, म्विकोच्या कडेने उलटायचा, पुन्हा दाबायचा. एकही कोरडी गुठळी राहता कामा नये. खांद्यातून कळ येते. तळहातावर, बोटांच्या मुळाशी, एक फोड उगवतोय हे तुम्हाला जाणवतं. शेजारच्या शेगडीवरची म्हातारी तुमच्याकडे बघून काहीतरी बोलते आणि सहाही शेगड्यांवर हशा पिकतो. तुम्हाला स्वाहिली येत नाही, तरी अर्थ कळतो.

पाचव्या शेगडीवर एक पुरुष एकटाच उगाली, म्हणजे हाच मक्याच्या पिठाचा गोळा, घाटतोय. त्याच्याकडे नीट बघून घ्या. गावात या माणसाने चुलीजवळ पाऊल ठेवलं नसतं. बायको तिकडे शेत सांभाळतेय, हा इथे नोकरीला, आणि भूक रोजची. शहराने त्याला म्विको धरायला लावला. त्याचा गोळा तुमच्यापेक्षा गुळगुळीत आहे, हेही मान्य करा.

मामा म्विको काढून घेतात, निखारे बाजूला सारतात, झाकण ठेवतात. वाट बघायची. कशाची, ते नाक सांगेल. कच्च्या पिठाचा वास आधी जातो. मग काही वेळ नुसती वाफ. मग तळाशी धरलेल्या सालीचा भाजका, गोडसर वास झाकणाखालून बाहेर येतो, मघाच्या रस्त्यावरच्या कणसांचा असतो तोच. आता उतरवा. ताट पातेल्यावर पालथं, एक झटका, आणि पांढराशुभ्र, वाफाळता घुमट ताटात उभा राहतो. मामा ओला म्विको फिरवून त्याला गोल करतात. तो ढळला, पसरला, तर काकामेगाकडच्या बाईची लाज जाते. ढळत नाही.

पातेल्याच्या तळाची खरवड पोरांची. त्यावरून एक छोटीशी मारामारी होते. तुम्ही मध्ये पडू नका.

टिनाच्या दिव्याची वात लावली जाते, उजेडापेक्षा काजळी जास्त. थोरली मुलगी तांब्या आणि घंगाळ घेऊन येते, आधी तुमच्या हातावर पाणी घालते. कोमट पाणी. फोडाला झोंबतं. एकच मोठं ताट मध्ये, भाजीचं भांडं शेजारी, एका वाटीत विरजलेलं घट्ट दूध. चमचा नाही, आणि ही तरी परकी गोष्ट नाही. हाताने जेवणाऱ्या देशातून आलात. तरीही पहिल्यांदा चटका बसतो. उगाली आतून भयंकर गरम राहते. कडेकडेनं तोडा. मुठीत दाबून लिंबाएवढा गोळा करा, अंगठ्याने त्यात खळगा पाडा, त्या खळग्याने भाजी उचला, तोंडात टाका.

आणि आता ती मसाल्याची शंका. उगाली अळणी आहे, मीठ त्यात पडतच नाही. सगळी चव त्या दोन चिमटी भाजीत: कांद्याचा गोडवा, टोमॅटोचं आंबट, पानाचा किंचित कडवटपणा आणि दाताखाली अजून शिल्लक असलेला कुरकुरीतपणा. मोहरी, हिंग पडले असते तर तुम्हाला पान लागलंच नसतं. मी फोडणीचा माणूस आहे, पण या भाजीपुरता माझा निकाल मामांच्या बाजूने. गरिबीच्या दिवसांचं जेवण म्हणून याच्याकडे दयेने बघायला जाऊ नका. मामांना तुमची दया कळणारही नाही. त्यांचा नवरा वर्कशॉपातून आलाय, हात कोपरापर्यंत घासूनही नखांत ग्रीस राहिलंय, आणि तो एकामागून एक गोळे करत न बोलता जेवतोय. पोट भरलं की नाही यावर इथे वाद होत नाही. उगाली खाल्ली की भरतं. चपातीने, भाताने नाही, असं तो एकदाच मान वर करून म्हणतो आणि पुन्हा ताटाकडे वळतो.

पाल्याशिवाय मका खाऊ नये, हेही या अंगणाला कुणी शिकवलेलं नाही. नुसत्या मक्यावर राहिलेल्या माणसाला नायसिन कमी पडतं, कातडी सोलवटते, पेलाग्रा होतो. ताटातलं दूध आणि पाला हे शोभेला नाहीत. भाजी संपत आली तर मामा उगाली बाजूला ठेवतील, पण कोरडी देणार नाहीत.

दुसरा घुमट येण्याआधी हात धुवून घ्या, नाहीतर उठता येणार नाही. आणि पुन्हा जाणार असाल तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नका. पगार झालेला असतो, सहाही शेगड्यांवर न्यामा असतं.

परतल्यावर घरी करून बघायची हुक्की येईल. कॉर्नफ्लोअरने होणार नाही, तो नुसता स्टार्च. मक्याचं जाडसर पीठ आणा. पिवळं मिळालं तर चालेल, जरा गोड लागेल एवढंच. पाल्यासाठी महागाच्या केलमागे मॉलमध्ये हिंडू नका. सुकुमा, कोबी आणि आपला नवलकोल या एकाच जातीच्या भाज्या आहेत, आणि नवलकोलाचा पाला आपले भाजीवाले गिऱ्हाइकासमोर मोडून टोपलीत टाकतात. उद्या मंडईत गेलात की त्यांना सांगा, पाला मोडू नका, तसाच द्या.